वाचकांचे प्रश्न : फ्रेंच साहित्यातला सुखाचा शोध

प्रश्न : या विषयावरचं वाचन कुठून सुरू करावं?

व्होल्तेरच्या ‘काँदीद’पासून (१७५९). ३० छोटी प्रकरणं आहेत, दोन बैठकींत संपतात. पण गोष्ट इतकी पळते की १७ ते १९ ही प्रकरणं नुसती चाळली जातात, आणि नेमकी तीच सावकाश वाचायची आहेत. कथेचा नायक काँदीद एल्दोरादोला, म्हणजे दंतकथेतल्या सोन्याच्या देशाला पोचतो. तिथे तुरुंग नाहीत, खटले नाहीत, रस्त्यातल्या धुळीत रत्नं पडलेली. तरी महिन्याभरात तो तिथून निघतो. एक तर प्रेयसी कुनेगोंद तिथे नाही. दुसरं म्हणजे, इथे राहिलो तर चारचौघांसारखे, बाहेर पडलो तर राजांहून श्रीमंत, असा त्याचा हिशेब. सोबत तांबड्या मेंढ्यांचा कळप, त्यातल्या ५० नुसत्या सोन्या-हिऱ्यांनी लादलेल्या. पुढे काही दलदलीत रुततात, काही वाळवंटात उपाशी मरतात, काही कड्यावरून कोसळतात. १०० दिवसांनी उरतात २. सुखाच्या मागे लागलेला माणूस मनाशी काय मोजत असतो ते या प्रकरणांत दिसतं, आणि पुढची फ्रेंच पुस्तकं वाचताना हीच नजर कामी येते.

प्रश्न : ‘आपण आपली बाग कसली पाहिजे’ हा ‘काँदीद’चा शेवट म्हणजे जगाकडे पाठ फिरवणंच ना?

पाठ फिरवणं म्हणावं, तर बागेत कामाची वाटणी कशाला? शेवटी एकत्र राहणाऱ्या सोबत्यांपैकी कुनेगोंद उत्तम पेस्ट्री करायला शिकते, पाकेत भरतकाम करते, म्हातारी कपड्यांचं बघते, जिरोफ्ले सुतारकाम करतो. त्याआधी एक तुर्की शेतकरी सांगून गेलेला असतो की काम कंटाळा, दुर्गुण आणि गरज या तिघांना दूर ठेवतं. गुरुजी पांग्लोस मात्र अखेरपर्यंत ‘सगळं भल्यासाठीच’ हे सिद्ध करत बसतात. बागेचं वाक्य त्यांना तोडण्यासाठी आलेलं आहे. ते सुटं काढून भिंतीवर लावलं की त्यातली ही कोपरखळी जाते.

प्रश्न : ‘मादाम बोव्हारी’तली एम्मा कादंबऱ्या वाचून बिघडली, एवढाच अर्थ घ्यायचा का?

कादंबरीचा लेखक फ्लोबेर इतका सोपा नाही. एम्मा ही गावातल्या डॉक्टरची बायको, सुखासाठी तळमळणारी. पहिल्या भागाचं आठवं प्रकरण, सरदाराच्या हवेलीतली मेजवानी, पुन्हा वाचा. टेबलाच्या टोकाला एक म्हातारा उमराव बसलाय, लहान मुलासारखा रुमाल गळ्याला बांधून, तोंडातून सॉसचे थेंब गळताहेत. एम्माची नजर पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जाते, कारण तो एके काळी राजदरबारात वावरलेला! समोरचे गळणारे थेंब तिलाही दिसतात, पण कौतुक त्यांच्यावर मात करतं. तिचं दुखणं इथे कळतं.

दुसरा धागा पैशाचा, आणि तो बहुतेक वाचकांच्या हातून सुटतो. व्यापारी लरो उधारीवर कापड देतो, हुंडीवर सही घेतो, मुदत संपली की व्याज चढवून नवी हुंडी करतो. शेवटी कोर्टाचा हुकूम येतो : २४ तासांत ८,००० फ्रँक. विषापर्यंत तिला प्रेमभंगाइतकंच हे कर्जही नेतं. १८५७ मध्ये या कादंबरीवर नीतिभ्रष्टतेचा खटला झाला आणि फ्लोबेर निर्दोष सुटला.

प्रश्न : सुखाबद्दल सरळ, उपरोधाशिवाय लिहिणारं कुणी नाही का?

आहेत. एमिली द्यू शातले यांचा सुखावरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर ३० वर्षांनी, १७७९ मध्ये छापला गेला. त्या गणिती होत्या आणि लिहिणंही तसंच रोखठोक : पूर्वग्रह सोडा, तब्येत सांभाळा, आवडी जोपासा, भ्रमांना थोडी जागा ठेवा. युद्ध आणि राजकारणातली कीर्ती पुरुषांना खुली आहे, बायकांना नाही. म्हणून अभ्यास, कारण त्याचं सुख दुसऱ्यावर फारसं अवलंबून नसतं, हा त्यांचा युक्तिवाद आजही धारदार वाटतो.

दुसरा रूसो. त्याच्या एकाकी भटकंतीच्या पुस्तकातली पाचवी फेरी, म्हणजे पाचवं प्रकरण, काढा : स्वित्झर्लंडमधलं सेंट पीटर बेट, १७६५. सरोवरात होडी सोडून देऊन तो आडवा पडून राहतो, बस्स. आधीच्या चार फेऱ्या वाचल्या नसतील तरी अडत नाही.