नवरा पन्नाशीत पळायला लागलाय, त्याला अडवू का?

हिवाळ्यातल्या हाफ मॅरेथॉनची नावनोंदणी सुरू झाली की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. बायका विचारतात, कधी मोठी झालेली मुलं फोन करतात, की बाबांना या वयात हे काय सुचलंय, 21 किलोमीटर पळायचं म्हणतात, उद्या काही झालं तर? त्यातलं ‘काही’ म्हणजे काय ते मात्र कुणी उच्चारत नाही. म्हणून रत्नागिरीच्या एका जोडप्याबद्दल लिहितेय. त्यांना विचारलंय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, आणि नावांऐवजी सर आणि वहिनी म्हणते.

सर हायस्कूलला विज्ञान शिकवतात, वय 51. शुगर बॉर्डरला आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालता चालता भाट्याच्या पुलावर पहाटे पळणारा ग्रुप भेटला आणि मग पाच किलोमीटर, दहा किलोमीटर करत करत सर हाफच्या तयारीला लागले. वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, माणूस खूश. आणि घरात रोज भांडण.

वहिनींच्या तक्रारींची यादी मोठी होती. पावणेपाचचा अलार्म. ओसरीत घामाचे शूज. लग्नाला गेलं तरी साडेआठपासून घड्याळ बघायचं आणि पान वाढायच्या आत चला म्हणायचं. रविवारची सकाळ तर गेलीच, आणि गौरी आल्या त्या दिवशीसुद्धा स्वारी पळून आली. एकदा तर वहिनींनी रागाने शूज उचलून माळ्यावर टाकून दिले आणि सर जुनी चप्पल घालून चालून आले. सरांचं म्हणणं एवढंच, की मी दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, तब्येत सांभाळतोय, तरी हिला चालत नाही, मग मी करायचं तरी काय?

अशा वेळी अलार्म साडेपाचचा लावा, शूज बाहेर ठेवा अशी तडजोड करून देता येते. पण ती आठवडाभर टिकते, मग भांडण दुसरं काहीतरी धरून वर येतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. म्हणून मी वहिनींना साधंच विचारलं, सर निघाले, गेट लागलं, त्यानंतर तुम्ही काय करता?

‘‘झोपते परत.’’

सरांनी लगेच मान हलवली, हो, ही झोपलेलीच असते, मी आवाज न करता जातो.

वहिनी थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘नाही हो. अहो तुम्ही गेलात की मी मोबाईल उशाशी घेऊन पडून असते. गेटची कडी वाजली की मग कुठे डोळा लागतो. दादाचा फोन आला तेव्हा सव्वापाच वाजलेले ना.’’

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, चिपळूणचा. 49व्या वर्षी झोपेत अटॅकने गेला. पळत नव्हता की काही नव्हता. पण फोन आला तो पहाटे, आणि सर पुलावर असतात तीही हीच वेळ. भावाचं सगळं सरांनीच पुढे होऊन केलेलं, त्यांना माहीत नव्हतं असं नाही. फक्त आपल्या पावणेपाचच्या अलार्मशी त्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही, आणि वहिनींनीही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? तर अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. ‘तुम्हाला काही होईल अशी भीती वाटते’ हे वाक्य बाईच्या ओठावर येतच नाही, आलं तरी ती ते गिळते. मग तीच भीती अलार्मवर चिडते, शूजवर चिडते. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्या आनंदावर विरजण घालतायत, तो आणखी गप्प होतो, दुखलं खुपलं लपवायला लागतो. आणि त्यात व्हॉट्सॲपवर कुणीतरी पळताना कोसळल्याचा व्हिडिओ आला की झालंच. माझ्या मते या प्रश्नात सगळ्यात आधी हे मोकळं व्हायला हवं. अडवायचं की नाही ते नंतर.

आता भीती खरी की खोटी? ‘काही होत नाही हो’ असं मी कधीच म्हणत नाही, कारण ते खरं नाही. अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचा 2000 ते 2010 या काळाचा एक मोठा अभ्यास 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. जवळपास 1 कोटी 9 लाख धावपटू, त्यात 59 जणांचं हृदय बंद पडलं आणि 42 जण गेले. हाफपेक्षा फुलमध्ये, म्हणजे 42 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये, प्रमाण जास्त, हाफमध्ये लाखाला 0.27, म्हणजे पावणेचार लाखांत एखादा. त्यात पुरुषच जास्त. आपल्याकडे हार्टचा त्रास तिकडच्यापेक्षा लवकर सुरू होतो त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये, पण धोका किती लहान आहे याचा अंदाज येतो. सरांना हे ऐकून एकदम बरं वाटलं, विज्ञानाचे शिक्षक ना. वहिनी म्हणाल्या, त्या 59मध्ये माझा माणूस असला तर?

बरोबरच आहे. आकड्याने भीती जात नाही. तिच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं.

पहिलं काम, दोघांनी मिळून डॉक्टरकडे जायचं, आणि प्रश्न वहिनींनी विचारायचे. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, इको, टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), यातलं काय लागेल ते डॉक्टर ठरवतील, ते माझं काम नाही. चाळिशी उलटल्यावर 21 किलोमीटरची तयारी करणाऱ्याने, त्यातून घरात कुणी लवकर गेलं असेल, शुगर-बीपी असेल, तर तपासणी टाळूच नये. टीएमटी नॉर्मल आली म्हणजे जन्मभराचं सर्टिफिकेट मिळालं असंही नाही, हे डॉक्टरांनी वहिनींसमोर सरांना सांगितलं ते फार बरं झालं.

दुसरं, थांबायची कारणं आधी ठरवायची. छातीत दडपण, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीच्या वेगालाही नेहमीपेक्षा जास्त धाप, छातीत विचित्र धडधड. यातलं काहीही झालं तर त्याच जागी थांबायचं, ‘एवढा किलोमीटर संपवतो’ नाही, आणि तपासून झाल्याशिवाय परत शूज घालायचे नाहीत. अंगात ताप असताना पळायचंच नाही, कारण व्हायरल तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज असते. हे बोलत असताना सरांचा चेहरा उतरला आणि कळलं की सहामाहीच्या पेपरांच्या दिवसांत ते अंगात कणकण असताना पळून आले होते आणि घरी ‘ऊन लागलं’ म्हणाले होते. वहिनी काही अगदीच उगाच घाबरत नव्हत्या.

मग ठरलं, की ताप, झोप न झालेली रात्र, पोटाची गडबड, अशा ठरवलेल्या कारणांना वहिनी ‘आज नाही’ म्हणतील आणि सर वाद घालणार नाहीत. त्याबदल्यात बाकीच्या दिवशी वहिनी अडवणार नाहीत.

सरांशी एकट्याने पण बोलले. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे पळायचं नाही त्या दिवशी तुम्ही कसे असता, हे मी प्रत्येक पळणाऱ्याला विचारते. चैन पडत नाही, चिडचिड होते, दुखत असूनही जावंच लागतं, असं उत्तर आलं की तिथे थांबून बोलावं लागतं. सरांचं थोडंफार तसंच होतं. आठवड्याला चार दिवस, रविवारी एकच लांब पल्ला, तोही सावकाश वाढवत न्यायचा, आणि बहुतेक पळणं शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येईल इतक्या वेगाने, हे त्यांनी ग्रुपमधल्या अनुभवी माणसाकडून लिहून घेतलं. किनाऱ्यावर हवेत एवढा दमटपणा असतो की घाम नुसता गळतो, वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, त्यामुळे पुण्याच्या मेव्हण्याचा वेग बघून ऑक्टोबरात पळायला जाणं सोडा, असं मी स्पष्टच सांगितलं. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तरी रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून लांब पल्ल्याच्या दिवशी आल्यावर मीठ घातलेली पेज. ती वहिनी स्वतःहून करायला लागल्या, मी सांगितलं नव्हतं.

लाइव्ह लोकेशनचं मात्र मी नको म्हटलं. बऱ्याच जणींना तो उपाय वाटतो, पण दर दोन मिनिटांनी ठिपका सरकतोय का बघत बसलं की काळजी कमी न होता वाढतच जाते, आणि रेंज गेली की जीव जायची पाळी. त्याऐवजी कसोपच्या बाजूने परत फिरताना सरांनी एकच मेसेज करायचा, ‘वळलो’. तो यायला उशीर झाला तर किती वाजेपर्यंत थांबायचं आणि मग ग्रुपमधल्या कुणाला फोन करायचा, हेही आधीच ठरलेलं. सुरुवातीला एकदा मेसेज पोचलाच नाही आणि वहिनी ठरलेल्या वेळेपर्यंत फोन हातात न घेता थांबल्या, कशा थांबल्या ते त्यांनाच माहीत. माझ्या लेखी ती त्यांची मोठी कमाई होती.

आणि भावाबद्दल आम्ही वेगळं बोललो, सर नसताना. भाऊ गेला तेव्हा वहिनींना भावजयीला सांभाळायचं होतं, भाच्यांच्या परीक्षा होत्या, आईला कुणी आणि कसं सांगायचं हे होतं, रडायला जागाच मिळाली नाही. ते रडणं माझ्याकडे झालं, वेळ लागला, घाई केली नाही. पळण्यावरून भांडत आलेल्या जोडप्याच्या कामातला सगळ्यात जास्त वेळ खरं तर याला गेला.

सरांनी हाफ पूर्ण केली, पावणेतीन तासांच्या आत. मग वहिनीही पळायला लागल्या का, असं हे ऐकणारे विचारतात. नाही. त्यांना पळायचं नाहीये आणि त्यांनी पळावं असं मलाही कधी वाटलं नाही. त्या सीपीआर शिकल्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवायला. छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, आणि त्याआधी कुणाला तरी ॲम्ब्युलन्ससाठी 108 लावायला सांगायचं. तो अमेरिकेतला अभ्यासही हेच सांगतो, की आजूबाजूच्यांनी ताबडतोब सीपीआर दिला त्यांच्यातले जास्त वाचले. आता ग्रुपमधल्या सगळ्यांच्या घरच्यांना एकत्र बसवून हे शिकवून घ्यायचं वहिनींनी मनावर घेतलंय, हॉलसाठी सरांच्या शाळेत विचारलंय.