रत्नागिरीजवळ पाच गुंठे जागा भाजीसाठी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहता, बारा किलोमीटरवरच्या गावात एक जण विहिरीसकट पाच गुंठे वर्षाच्या बोलीवर भाजी करायला देतोय, आणि जागा बघून आल्यापासून घरचे सगळे खूश आहेत. ती कोणत्या महिन्यात बघितलीत ते मात्र लिहिलं नाहीत. मी आधी तेच विचारेन.

मी अशीच जागा दिवाळीनंतर घेतली होती. विहीर भरलेली, भात कापून झालेलं, जमिनीत ओल. माठ, मुळा, चवळी जोरात आली. शिमगा झाला तशी विहीर खाली जायला लागली. एप्रिलमध्ये एका सकाळी पोहरा सोडला तर तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि वर आलं ते अर्धा पोहरा लालसर गढूळ पाणी. वांगी तेव्हा नुकती फुलावर होती. शेजारच्या काकी गडग्यापाशी येऊन म्हणाल्या, "दिवाळीत बघून घेतलास होय रे? वैशाखात बघायची होतीस." आठवड्याभरात सगळी झाडं माना टाकून वाळली. अजून आठवलं की जीव तुटतो.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. जांभ्याच्या जमिनीत तो ठरत नाही, झिरपून निघून जातो. उन्हाळ्यात वाफ्यांना चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरा. म्हणजे गुंठ्याला 400 ते 500 लिटर, साधारण चाळीस कळशा. पाच गुंठ्यांचं गणित तुम्हीच करा. म्हणून मालकाला सोडून शेजाऱ्यांना विचारा की मे महिन्यात विहिरीत किती पाणी असतं, पंप चालतो का, आणि त्याच विहिरीवर आणखी कोण कोण शिंपतं. जागा खाडीजवळ असेल तर उन्हाळ्यात पाणी चाखून बघा. मचूळ लागलं तर त्या पाण्यावर भाजी करू नका.

मग पहार घेऊन जा आणि चार-पाच ठिकाणी मारून बघा. वीतभर जाऊन टण्णकन थांबली तर खाली कातळ आहे. तिथे माती आणि शेणखत बाहेरून आणावं लागेल, आणि गाडी शेवटपर्यंत जात नसेल, नुसती पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट असेल, तर प्रत्येक घमेलं डोक्यावरून न्यायचं. जांभ्याची माती बहुतेक आम्लधर्मी असते, तेव्हा कृषी विज्ञान केंद्रातून तपासून घ्या.

वानर, माकडं आणि रानडुकरं येतात का, हे विचारायला लाजू नका. भात कापलं की गुरंही मोकळी सुटतात, त्यामुळे वई म्हणजे कुंपण चांगलं नसेल तर हिवाळी भाजी तुमच्या हाती लागणार नाही. आमच्याकडे वानरांनी हळदीला आणि आल्याला हात लावला नाही, काकडी मात्र एक ठेवली नाही.

कागदाचंही बघा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढा. कोकणात एका तुकड्यावर दहा-बारा नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईला. भावकीतला एक जण हो म्हणाला म्हणजे सगळे म्हणाले असं नाही. शिवाय कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय देता येत नाही, आणि कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही मालकांची धास्ती जुनी आहे. तुमच्या नावावर शेती नसेल तर कशावरही सही करण्याआधी वकिलाला भेटा. त्यापेक्षा गावठाणातल्या एखाद्या घरामागचं परसू मिळत असेल तर मी तेच घेईन. तिथे दिवसभर कुणाची तरी नजरही राहते.

बारा किलोमीटर ऐकायला थोडं वाटतं. पण हिवाळ्यात एक दिवसाआड आणि मार्चनंतर रोज पाणी द्यायला कोण जाणार, हे घरात आत्ताच नावानिशी ठरवा.

पाचातले दोनच गुंठे मागून बघा. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी करा. पालेभाजी तेव्हा नको, सततच्या पावसानं कुजते. दसऱ्यानंतर वाफे करून लाल माठ टाका, महिन्याभरात पहिली जुडी घरी येईल.