युरोपीय संघ चीनवरील शस्त्रबंदी, म्हणजे त्याला शस्त्रे विकण्यावरील बंदी, २००५ मध्ये उठवण्याच्या बेतात होता, मग ती अजून कायम का आहे?

बीजिंगच्या तियानानमेन चौकातील निदर्शकांच्या हत्याकांडानंतर जून १९८९ मध्ये युरोपीय नेत्यांच्या माद्रिदच्या शिखर बैठकीत ही बंदी जाहीर झाली. मूळ मजकूर पाहिला तर थोडे आश्चर्यच वाटते, कारण निवेदनातील जेमतेम एका ओळीत शस्त्रव्यापाराचा उल्लेख आहे आणि ‘शस्त्र’ म्हणजे नेमके काय याची व्याख्याच नाही. त्यामुळे प्रत्येक देश आपल्या सोयीने तिचा अर्थ लावत आला.

फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष शिराक आणि जर्मनीचे तत्कालीन चॅन्सेलर श्रोडर यांचे म्हणणे असे, की चीन आता व्यापारातील मोठा भागीदार असल्याने त्याला जुन्या शिक्षेत अडकवून ठेवणे कालबाह्य आहे. डिसेंबर २००४ च्या शिखर बैठकीत बंदी उठवण्याच्या दिशेने काम करण्याची राजकीय इच्छा नोंदवलीही गेली. अमेरिकेला मात्र, चीन ज्याला आपलाच भाग मानतो त्या तैवानच्या सामुद्रधुनीत, आपल्याच सैन्यासमोर युरोपीय तंत्रज्ञान उभे राहण्याची भीती होती. फेब्रुवारी २००५ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाने ४११ विरुद्ध ३ मतांनी या हालचालीचा निषेध केला.

तरीही, माझ्या मते, खरा घाव चीनने स्वतःच घातला. १४ मार्च २००५ रोजी त्याने फुटीरताविरोधी कायदा संमत केला आणि त्याच्या आठव्या कलमात तैवानविरुद्ध ‘अशांततामय मार्ग’ वापरण्याची मुभा ठेवली. त्यानंतर आधीच चाचरणाऱ्या ब्रिटनसह अनेकांनी पाय मागे घेतले, आणि असा निर्णय सर्वसहमतीशिवाय होत नसल्याने प्रस्ताव तेथेच बारगळला.