वीस हजार डॉलरच्या पावतीवर सही करण्याआधी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नेपाळच्या डोंगराळ भागात छोट्या प्रवासी विमानाच्या अपघातात गेला. चौदा महिने झाले. विमा कंपनी 20,000 डॉलर द्यायला तयार आहे, पण ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर माझी सही मागते. घरात त्याची बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आमची आई आहे. सही करू का?

उत्तर : नका करू. तुमच्या सहीला इथे तशी किंमतही नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्याची बायको, मुलगी आणि आई या तिघी पहिल्या वर्गातल्या वारस आहेत. भावाचा नंबर त्यांच्या नंतर लागतो.

नेपाळात देशांतर्गत उड्डाणासाठी 20,000 डॉलर हाच आकडा वर्षानुवर्षे चालत आला आहे. कंपनी तो पुढे करते कारण विमान नेपाळात उडालं आणि नेपाळातच पडलं. पण कायदा नुसतं विमान बघत नाही, तिकीट बघतो. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचे नियम 1999 च्या मॉन्ट्रियल करारात आहेत, आणि भारत व नेपाळ दोघेही त्या करारात आहेत. मुंबई–काठमांडू आणि पुढचं छोटं उड्डाण हा सगळा एकच प्रवास म्हणून ठरला असेल, तर तिकिटं वेगवेगळी असली तरी शेवटचा टप्पासुद्धा आंतरराष्ट्रीय धरला जातो. मग भरपाईची मर्यादा बदलते : 28 डिसेंबर 2024 पासून 1,51,880 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या आसपास. तेवढ्या रकमेपर्यंत झालेलं नुकसान दाखवायचं, वैमानिकाची चूक दाखवायची गरज नाही. त्यावरच्या मागणीत आपला निष्काळजीपणा नव्हता हे विमान कंपनीनेच सिद्ध करायचं असतं. भावाने काठमांडूत पोचल्यावर ऐनवेळी ते तिकीट काढलं असेल, तर मात्र हा मुद्दा फार लंगडा पडतो.

जाऊन-येऊन प्रवास ठरलेला असेल तर कराराच्या भाषेत गंतव्यस्थान मुंबईच. त्यामुळे दावा इथे लावता येतो, काठमांडूला खेटे घालावे लागतीलच असं नाही.

तिथली न्यायालयंही आता हा विषय गांभीर्याने घेताहेत. यूएस-बांगला या बांगलादेशी विमान कंपनीच्या काठमांडूतल्या 2018 च्या अपघातात काठमांडू जिल्हा न्यायालयाने 2025 मध्ये 17 कुटुंबांना विम्याच्या रकमेपलीकडची भरपाई मंजूर केली. तो आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा खटला होता आणि निकाल खालच्या न्यायालयाचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

दोन गोष्टींत हयगय नको. दाव्याची मुदत दोन वर्षं आहे आणि ती उलटली की हक्कच संपतो. ‘बोलणी चालू आहेत’ म्हणत कंपनी तुमचे उरलेले दहा महिने सहज खाईल. दुसरं, भरपाई कमी करणारी अट तिकिटावर छापलेली असेल तर ती रद्दबातल ठरते, पण अपघातानंतर राजीखुशीने दिलेली पावती सहसा टिकते. पैशांची निकड असेल तर वहिनींनी रक्कम ‘हक्क राखून, अंशतः’ घेतल्याचं लेखी कळवावं. कंपनी नाही म्हणाली तर तिचा नकारही लेखी घ्या.

टूर कंपनीने सहल विकली असेल तर तिच्याविरुद्ध तुमच्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात जाता येतं, पण तिची स्वतःची सेवेतली कसूर दाखवावी लागेल. पुतणीच्या वाट्याची तडजोड दावा लागल्यावर होणार असेल, तर न्यायालयाची परवानगी लागते.

सध्या ई-तिकिटं, टूरचं व्हाउचर, पैसे भरल्याच्या नोंदी आणि नेपाळमधला मृत्यूदाखला एवढं वहिनींकडून गोळा करा. वकिलाला त्यातली बुकिंगची तारीख पहिली दाखवा.