दुर्बीण आणली, पण दिसत काहीच नाही

पाऊस सरला, दिवाळी झाली की आमच्याकडे दुर्बिणीची पत्रं सुरू होतात. यंदा जरा जास्तच आलीत, त्यातली पाच घेतोय. बाकीच्यांनी रागवू नका, बहुतेकांचं दुखणं पहिल्या पत्रातलंच आहे.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला ७०/७०० ची (भिंग ७० मिमी रुंद, फोकल लांबी ७०० मिमी) रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांची दुर्बीण घेतली. तीन रात्री गच्चीवर बसलो, नुसतं काळं मिट्ट. चंद्र दोनदा सापडला आणि लगेच पळाला. मुलगा आता तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दुकानदार म्हणतो दुर्बीण चांगली आहे. मग चुकतंय कुठे? (एक ताई, गुहागर)

उत्तर : ताई, दुकानदार खरं बोलतोय. तुमचा फाइंडर जुळवलेला नाहीये, पैजेवर सांगतो. नळीवर जी छोटी नळी नाहीतर लाल ठिपक्याची काच असते ना, ती आणि मोठी दुर्बीण एकाच जागी बघत नसतील तर रात्री आंधळी कोशिंबीरच. आणि हे काम रात्री करायचंच नाही, दिवसा करायचं.

उद्या दुपारी चारनंतर दुर्बीण अंगणात घ्या आणि समुद्राकडे पाठ करा, कारण त्या वेळी सूर्य तिकडे असतो आणि चुकूनही तो दुर्बिणीत यायला नको. पूर्वेच्या डोंगरावर एखादा मोबाईल टॉवर असेल, निदान अर्धा-एक किलोमीटर लांबचा, तो धरा. (मी रत्नागिरीत हे सकाळी करतो, भगवती किल्ल्यावरचं दीपगृह धरून, सकाळी ऊन पाठीमागे असतं म्हणून.) आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) २५ चा लावा, त्याच्यावरचा जो आकडा मोठा तो. टॉवरचं टोक मोठ्या दुर्बिणीत बरोबर मधोमध आणा, स्क्रू घट्ट करा, आणि मग दुर्बिणीला अजिबात धक्का न लावता फाइंडरचे स्क्रू फिरवा, एक सैल केला की समोरचा आवळायचा, असं करत करत तेच टोक फाइंडरच्या फुलीवर आणा. मग परत मोठ्यात बघा, हललं असेल तर परत. दहा-पंधरा मिनिटं लागतात. लाल ठिपकेवाला असेल तर बॅटरीजवळचा प्लास्टिकचा कागद ओढून काढलाय ना ते आधी बघा, हसू नका, मी स्वतः एका मित्राकडे अर्धा तास घालवलाय त्यात.

आता चंद्र पळतो म्हणता, तर तो पळत नाही, आपण फिरतोय. ७०० ला आयपीसच्या आकड्याने भागा, २५ ने भागलं तर २८ पट, १० ने भागलं तर ७० पट. २८ पटीला आकाशाचा बराच मोठा तुकडा दिसतो आणि वस्तू सहा-सात मिनिटं टिकते, ७० पटीला दोन-तीन मिनिटांत कडेला जाते. म्हणून शोधायचं नेहमी २५ ने, सापडलं, मधोमध आलं की मगच १०. पोरं पहिल्याच फटक्यात सगळ्यात छोटा आकडा घुसवतात आणि मग काही सापडत नाही.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, खुर्चीवर बसून बघा. मधल्या ट्रेला पिशवीत घालून एखादा नारळ, नाहीतर चिऱ्याचा तुकडा टांगा, स्टँड एकदम शहाणा होतो. आणि गच्ची सोडा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत वाफ सोडत असतो, त्यातून बघितलं की चंद्र पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. कातळावरही तेच होतं. सारवलेलं खळं असेल तर त्यापेक्षा चांगली जागा नाही. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा म्हणजे नळी आणि हवा एका तापमानाला येतात.

मुलाला परत बोलवायचं असेल तर पौर्णिमेला नको, शुद्ध सप्तमी-अष्टमीला बोलवा. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे पांढरी थाळी, सावलीच नाही. अष्टमीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उन्हात आणि तळ काळोखात असतो, ते बघून ओरडला नाही असा पोरगा मी अजून बघितला नाही.

प्रश्न : माका चंद्र उलटो दिसता, आणि एसटीचो बोर्ड आरशातल्यासारखो. दुर्बीण बिघडली काय? (मालवण)

उत्तर : नाय हो, तशीच असते. भिंगातून येणारा उजेड पुढे फुलीसारखा ओलांडतो, म्हणून चित्र वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही उलटं पडतं. मागे जो ९० अंशांचा डायगोनल (काटकोनात वळलेला जोड) लावता त्यातला आरसा वर-खाली सरळ करतो, डावं-उजवं तसंच राहतं, म्हणून बोर्ड आरशातला. आकाशात कोणाला सरळ आणि कोणाला उलटं! होड्या बघायच्या असतील तर ४५ अंशांचा, सरळ चित्र देणारा प्रिझम वेगळा मिळतो, तो घ्या. पण ताऱ्यांना तो नको, मान मोडते.

प्रश्न : खोक्यावर ५२५ एक्स लिहिलंय. मी ४ चा आयपीस आणि बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग) लावून शनी बघितला तर नुसता धुरकट बोंडा. कडी कुठे गेली? (दापोली)

उत्तर : ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याला तिप्पट बार्लो, झाले ५२५. गणित बरोबर आहे, दुर्बीण मात्र त्या लायकीची नाही. भिंगाच्या दर मिलिमीटरला साधारण दुप्पट एवढीच मजल असते, म्हणजे ७० मिमीला १४०, आणि तीही हवा शांत असेल त्या रात्री. त्यापुढे फक्त धूर मोठा होतो. खोक्यावर हा आकडा छापणाऱ्यांना काय म्हणावं ते मासिकात छापता येणार नाही. तो बार्लो आणि ४ चा आयपीस ड्रॉवरमध्ये टाका. पुढेमागे पैसे झाले तर एक बरा प्लॉस्ल जातीचा आयपीस घ्या, नवीन दुर्बीण नको.

शनीला १० चा लावा. ७० पटीला कडं स्पष्ट सुटं दिसतं, लहान दिसतं पण दिसतं. आणि एक, मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे तेव्हा ती कागदाच्या कडेसारखी झाली होती, आता हळूहळू उघडतायत. तोवर गुरू बघा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये त्याचे चंद्र बघितले तेव्हा त्याची दुर्बीण जेमतेम २० पटीची होती, तुमचा २५ चा आयपीससुद्धा त्याच्या वरचढ आहे. रोज रात्री त्या चार ठिपक्यांची जागा वहीत मांडा, आठवड्यात कोण कुणाच्या पुढे गेलं ते कळतं. गुरूच्या आणि चंद्राच्या कडेला जांभळी किनार दिसली तर घाबरू नका, दोन भिंगांच्या स्वस्त रिफ्रॅक्टरला सगळे रंग एका जागी आणता येत नाहीत.

अजून एक, समुद्रावर टेकलेला ग्रह बघायला जाऊ नका. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, सगळं उकळताना दिसतं. वर चढू द्या, आणि रात्री खारं वारं पडून मतलई सुरू व्हायच्या मधे जो शांत तास असतो तो धरा. हिवाळ्यात मृगाच्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला २५ च्या आयपीसमधून धुकट डाग दिसेल, तो मृगातला तेजोमेघ. चैत्रात सप्तर्षी वर आले की वसिष्ठ धरा, अरुंधती तर शेजारी आहेच, पण ७० पटीला खुद्द वसिष्ठाचेच दोन तारे होतात. आज्जीला दाखवा, तिला आवडेल.

प्रश्न : पावसानंतर खोकं उघडलं तर पुढच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलंय. पुसू का? (वेंगुर्ला)

उत्तर : नका पुसू! काका, ती बुरशी आहे, आणि माझी पहिली दुर्बीण मी अशीच घालवली. जूनमध्ये माळ्यावर ठेवली, फोमच्या खोक्यात, वर प्लास्टिक गुंडाळून, मोठी काळजी घेतली असं वाटलं. गणपतीत काढली तर काचेवर पांढऱ्या बारीक मुळ्या पसरलेल्या. मग मी पंचाच्या टोकाने घासली आणि उरलेली काच पण ओरखडली. फोम आणि प्लास्टिक ओल धरून ठेवतात, तिथेच बुरशीचं फावतं.

बाहेरून असेल तर आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग कॅमेऱ्याच्या लेन्सचं लिक्विड टिश्यूवर घेऊन, काचेवर ओतून नाही, हलक्या हाताने मधून कडेकडे. दोन भिंगांच्या मधे गेली असेल तर स्वतः उघडू नका, भिंगांचा क्रम आणि मधलं अंतर बिघडलं की दुर्बीण गेलीच, कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

पुढच्या पावसाला घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात नारिंगी सिलिका जेलच्या पुड्या टाका, मणी हिरवे झाले की मंद आचेवर तापवून परत नारिंगी करायचे (स्वयंपाकाच्या भांड्यात नको). तांदूळ घालू नका, पीठ उडतं. डबा नसेल तर कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे, तीही चालते. रात्री दंव पडून काच ओली झाली की तशीच टोपी लावायची नाही, घरात पंख्याखाली वाळू द्या मग टोपी. आणि किनाऱ्यावर नेली असेल तर घरी आल्यावर ट्रायपॉडचे स्क्रू ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा, मीठ चार दिवसांत गंज आणतं.

प्रश्न : दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायचा छोटा काळा सोलर फिल्टर आलाय. शाळेतल्या मुलांना सूर्यावरचे डाग दाखवीन म्हणतो. आमच्या विजयदुर्गावरून तर हेलियमचा शोध लागलाय! (एक शिक्षक, देवगड)

उत्तर : सर, तो फिल्टर आजच हातोड्याने फोडा, कुणाला देऊ पण नका. भिंगाने गोळा केलेलं सगळं ऊन त्याच्यावरच पडतं, तापून तडकला तर पुढे मुलाचा डोळा आहे. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण भिंग झाकणारा, असाच हवा. तो नीट बसतो का बघा, वाऱ्याने उडणार नाही असा चिकटपट्टीने बांधा, आणि फाइंडर काढून ठेवा, त्यातूनही डोळा जातो. दुर्बिणीजवळ तुम्ही स्वतः उभे राहा, एक मिनिटसुद्धा हलू नका.

राहिला विजयदुर्ग. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून गेलं हे खरं, लॉकियर साहेबांनी ते जिथून बघितलं म्हणतात ते किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे मीही बघितलेत. पण ज्यांच्या नावावर हेलियमचा शोध सांगतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब स्वतः त्या दिवशी भारतात नव्हते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते, तेही तिकडे आंध्रात, गुंटूरला. लॉकियरनी सूर्याच्या उजेडाच्या रंगपटातली हेलियमची ती पिवळी रेघ इंग्लंडमधून, ग्रहणाशिवायच, २० ऑक्टोबरला पकडली. मुलांना दोन्ही सांगा सर, ओट्यावर बसवून सांगा.