वर्कशॉपचं ओझं मुलीच्या प्रवेशावर नको

प्रश्न (पत्र संक्षिप्त केलं आहे): भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. 19 वर्षं इंजिनाचे सुटे भाग बनवतो. बीवायडीसारख्या चिनी कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्या करून जग काबीज केलंय, आमचा धंदा आता संपणार. मुलगी यंदा बारावी झाली, सीईटीला 81 पर्सेंटाइल आहेत. तिला बीएस्सी केमिस्ट्री करायचंय. मी म्हणतो, इलेक्ट्रिक व्हेइकलचं इंजिनिअरिंग कर आणि वर्कशॉप त्या लाइनला वळव. मॅनेजमेंट कोट्यातून जागा मिळतेय, घर गहाण ठेवायची माझी तयारी आहे. केमिस्ट्री करून शेवटी शाळेत शिकवणार. तिला समजवा.
– एक पालक, पिंपरी-चिंचवड

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गाळ्याचं भाडं, मशीनचे हप्ते, कमी झालेल्या ऑर्डरी, चिनी गाड्यांच्या बातम्या, सगळं त्यात तपशिलानं आहे. मुलीबद्दल मोजून चार ओळी आहेत आणि त्यातल्या तीन मार्कांच्या. तिला केमिस्ट्री का आवडते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा विचारलेलंच नाही.

म्हणून आधी हेच बोलतो. तुम्ही करिअरचा सल्ला मागितला आहे, पण पत्रभर काळजी धंद्याची आहे. ती खरी आहे आणि तिची मला कदर आहे. 19 वर्षं कुणी उगाच मशीनपुढे उभं राहत नाही. पण त्या काळजीवरचा इलाज म्हणून तुम्ही सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला पुढे करताय, हे मला अजिबात पटत नाही. हिशोब करा. चार वर्षं डिग्री, त्यानंतर धंदा समजायला किमान दोन. म्हणजे आज आटणाऱ्या ऑर्डरींवरचा उपाय सहा वर्षांनी सुरू होणार. तोवर गहाण पडलेलं घर, तिच्या डोक्यावर कर्ज आणि ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य, न बोलताही घरभर ऐकू येणारं. उद्या वर्कशॉप चाललं नाही तर त्याचा दोष ती जन्मभर स्वतःला देत बसेल. घर गहाण ठेवू नका. हे मी सल्ला म्हणून नाही, विनंती म्हणून लिहितोय.

आता तुमचा गैरसमज. तुम्ही धरून चालला आहात की चिनी कंपन्या गाड्या बनवण्यात पुढे गेल्या, तेव्हा त्या क्षेत्रात शिरायचं तर गाडीचीच डिग्री हवी. घडलं ते बरोबर उलटं. बीवायडीचे संस्थापक वांग च्वानफू हे शिक्षणानं रसायनाचे माणूस. चीनच्या आन्हुई प्रांतातल्या शेतकरी घरातला मुलगा, आईवडील लहानपणीच गेलेले, थोरल्या भावानं शिकवलं. चांगशामध्ये त्यांनी धातुशास्त्राशी जोडलेलं भौतिक रसायनशास्त्र शिकलं, पुढे बीजिंगच्या धातू संशोधन संस्थेत बॅटरीवर काम केलं. 1995 मध्ये चुलतभावाकडून पैसे घेऊन शेनचेनमध्ये कंपनी काढली, ती मोबाइलच्या बॅटऱ्यांची. गाडीत ते पडले 2003 मध्ये, शीआनची एक डबघाईला आलेली कार कंपनी विकत घेऊन. तोवर मोटोरोला आणि नोकिया त्यांच्या बॅटऱ्या वापरत होत्या. 2020 मध्ये आलेली त्यांची ‘ब्लेड बॅटरी’ लिथियम, लोह आणि फॉस्फेटची. त्यात महागडं कोबाल्ट नाही, निकेल नाही. गाडी स्वस्त झाली त्यामागे हे रसायन आहे. या पदार्थावरचा मूळ शोधनिबंध 1997 मध्ये अमेरिकेत टेक्सस विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यावर प्राध्यापक गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. आणि लांब कशाला, तुमच्याच शेजारी चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतले सेल बीवायडीचे आहेत. गाडी आपल्याला बनवता येते. सेल बाहेरून येतो. तुमची मुलगी ज्या विषयाकडे ओढली जातेय, नेमकी तिथे आपली बाजू लंगडी आहे. आणि तुम्ही तिला तिथूनच उठवताय!

‘कॉपी मारून पुढे गेले’ असंही तुम्ही लिहिलंय. सुरुवातीला नक्कल होती, हे खरं. 2005 ची बीवायडीची एफ3 पाहिली की टोयोटाची कोरोला आठवायची. पण पुढे त्याच टोयोटानं चीनमध्ये बीझेड3 ही गाडी आणली ती बीवायडीच्या बॅटरीवर. नक्कल करून कुणी इथवर येत नाही. सरकारचा पैसा होता, धोरण होतं. जर्मनीत ऑडीमध्ये काम करून परतलेले वान गांग 2007 मध्ये चीनचे विज्ञानमंत्री झाले आणि अकरा वर्षं त्या खुर्चीत राहिले. शेनचेननं 2017 पर्यंत शहरातल्या सोळा हजारांहून अधिक बस इलेक्ट्रिक केल्या. एवढा लांबचा पल्ला धरून काम झालं. आणि त्या शर्यतीत किती चिनी कंपन्या बुडाल्या, हे आपल्याकडच्या बातम्यांत फारसं येत नाही. डब्ल्यूएम मोटर नावाची एकेकाळी गाजलेली कंपनी 2023 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

चिनी कंपनीत नोकरी लागेल या भरवशावर तर काहीच ठरवू नका. तळेगाव तुम्हाला आठवत असेल. जनरल मोटर्सचा कारखाना ग्रेट वॉल ही चिनी कंपनी घेणार म्हणून 2020 मध्ये तुमच्या भागात केवढी आशा होती! सीमेलगतच्या देशांमधून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरीची अट लागली, ती मंजुरी आली नाही, 2022 मध्ये व्यवहार बारगळला. आज तिथे ह्युंदाई आहे. दोन देशांमधल्या राजकारणावर मुलीचं शिक्षण उभं करू नये.

प्रवेशाचं थोडक्यात. 81 पर्सेंटाइलला पुण्याचं सीओईपी किंवा माटुंग्याची आयसीटी अशी नामवंत कॉलेजं मिळणार नाहीत, ते डोक्यातून काढा. चांगल्या अनुदानित कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्री, फी तुमच्या आवाक्यातली, मग आयआयटी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी. मटेरियल सायन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, बॅटरी चाचणी या वाटा तिथून फुटतात. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तुमच्या शहराला लागून आहे, तिथला खुला दिवस असेल तेव्हा तिला घेऊन जा. स्वतः आत जा, बाहेर स्कूटरवर बसू नका. ‘ईव्ही इंजिनिअरिंग’ नावाच्या नव्या शाखांबद्दल माझं मत कडक आहे. बहुतेक ठिकाणी पाटी बदलली आहे, प्रयोगशाळा नाही. तिला स्वतःहून इंजिनिअरिंग करायचं असतं तर मी इलेक्ट्रिकल, केमिकल किंवा मेटलर्जी अशी जुनी, पायाची शाखा सांगितली असती.

आणि हो, ती शाळेत शिकवायला लागली तर काय बिघडलं? बारावीत तिला केमिस्ट्री आवडली ती कुणीतरी नीट शिकवली म्हणूनच ना?

राहिला तुमचा धंदा. तो माझा विषय नाही, तरी एक आकडा तुमच्यापुढे ठेवतो, कारण घाबरून घेतलेल्या निर्णयात मुलगी भरडली जातेय. 2024 मध्ये बीवायडीनं सुमारे 42.7 लाख गाड्या विकल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त प्लग-इन हायब्रिड होत्या. म्हणजे त्यांत पेट्रोलचं इंजिन आहे. भारतात तर त्या वर्षी विकलेल्या शंभर कारमध्ये इलेक्ट्रिक जेमतेम अडीच. तुमच्या वर्कशॉपला उद्या कुलूप लागत नाही. पण जो वेळ आहे तो तुमच्या हातात आहे, मुलीच्या नव्हे.

वांग यांच्याबद्दल आणखी एक, खास तुमच्यासाठी. सुरुवातीला जपानी स्वयंचलित बॅटरी लाइन घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी ती प्रक्रिया लहान लहान टप्प्यांत तोडली, प्रत्येक टप्प्याला जिग-फिक्स्चर बनवले आणि कामगारांच्या हातून माल काढला. जिग-फिक्स्चर म्हणजे काम जागच्या जागी पक्कं धरणारी साधनं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोटारचे शाफ्ट आणि हाउसिंग, बॅटरीच्या कूलिंग प्लेट, त्यांच्या जोडणीची फिक्स्चर, यांना मशीनिंग लागतंच. तुमची मशीनं त्यातलं काय पेलतील, हे तुम्ही आणि तुमचा मशीन सेटर एका रविवारी बसून ठरवू शकाल. त्यासाठी मुलीच्या डिग्रीची वाट पाहायची गरज नाही.

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एकदा तिच्यासमोर बसा, फोन बाजूला ठेवून. बारावीच्या केमिस्ट्रीत विद्युत रसायनाचा धडा आहे. त्यातला सेल कसा चालतो ते मला समजावून सांग, असं तिला म्हणा. मध्ये बोलू नका. आणि मला पुढचं पत्र तिला लिहू द्या.