“तोवर पसरलं तर?”

“ताई, माझं वय 47. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आज 19 दिवस झाले. हर-टूचा रिपोर्ट ‘टू प्लस’ आला म्हणून फिश टेस्टला पाठवलंय, तो आला की किमो ठरवू म्हणतात. नणंद म्हणते, एवढं थांबवतात का कुठे, तोवर पसरेल. ती रोज गुळवेलीचा काढा देते. मिस्टर म्हणतात, विचार करू नकोस. झोप लागत नाही. आणि खरं सांगू? तारीख लांबली की मला बरंही वाटतं. मी वेडी आहे का?”
– एक वाचक, कराड

वेड्या कसल्या! माझी थोरली बहीण याच वाटेने गेली. दिवसातून दोनदा हॉस्पिटलला फोन करायची आणि घरातलं कॅलेंडर मात्र भिंतीकडे तोंड करून टांगायची.

आधी नणंदेच्या शंकेचं. ऑपरेशननंतर किमो साधारण 4 ते 6 आठवड्यांत सुरू करतात. तुमचा तिसराच आठवडा चालू आहे, उशीर झालेला नाही. किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून जखम आधी भरू देतात. ओल्या जखमेत जंतू शिरले, तर सुरू झालेली किमो मध्येच थांबवावी लागते. दुसरं कारण तो रिपोर्ट. हर-टू हे कॅन्सरच्या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. ते जास्त आहे का, याचं टू प्लस हे उत्तर म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. फिश टेस्ट त्याचा निकाल लावते. फिश पॉझिटिव्ह आली, तर किमोच्या जोडीला हर-टूला रोखणारं ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन येतं आणि ते साधारण वर्षभर चालतं. निगेटिव्ह आली, तर त्याची गरज नाही. म्हणजे डॉक्टर हातावर हात ठेवून बसलेले नाहीत, औषध नेमकं ठरवताहेत. अर्थात वाट पाहण्यालाही मर्यादा असते. तीन महिन्यांपलीकडे गेलं तर तोटा होतो, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणून रिपोर्टचा पाठपुरावा हवाच, आणि तो मिस्टरांकडे द्या. ‘विचार करू नकोस’ म्हणणाऱ्या माणसाला बहुधा स्वतःची भीती कुठे ठेवावी ते कळत नसतं. हातात काम असलं की बरं पडतं.

काढा आजपासून बंद. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण आपल्याकडे नोंदले गेलेत, आणि किमोची बरीच औषधं यकृतालाच निस्तरावी लागतात. नणंदेचं मन मात्र मोडू नका. तिला मटकीची उसळ, घट्ट वरण, चालत असतील तर अंडी करायला सांगा; जखम भरायला हेच लागतं.

या दिवसांत दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडका दात किमोच्या मध्यावर ठणकला तर फार पंचाईत होते. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितली असेल तर उरकून घ्या. भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दाखवला असेल, तो चुकवू नका, खांदा आखडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आत्ताच भेटा, मंजुरीला वेळ जातो. केसांचं म्हणाल, तर बहुतेक औषधांनी पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी ते जायला लागतात. आधीच बारीक कापून घेतले की उशीवर पुंजके पाहायची वेळ कमी येते. बहिणीने नाही कापले. पस्तावली.

झोपेचं डॉक्टरांना सांगा. आपण बायका हे ‘किरकोळ’ म्हणून गिळून टाकतो.

आता ते बरं वाटणं. मला वाटतं, त्यामागे एक प्रश्न दडलाय: गाठ तर काढली, मग किमो कशाला? तो प्रश्न मनात घोळवू नका, डॉक्टरांना तोंडावर विचारा. डोळ्यांना आणि तपासण्यांना न दिसणाऱ्या पेशी कुठे उरल्या असतील, तर त्यांच्यासाठी किमो असते. पण तुमच्या रिपोर्टवरून तुम्हाला नेमका किती फायदा होईल, किमो घेतली तर काय आणि नाही घेतली तर काय, हे आकड्यांत सांगा म्हणावं. असं विचारण्यात उद्धटपणा नाही. मिस्टरांना सोबत न्या आणि उत्तर त्यांना वहीत लिहून घ्यायला लावा, घरी येईपर्यंत आपल्याला निम्मं आठवत नाही.